यानाची न पाहिलेली बाजू

रोज सकाळी कारखान्यात शिरल्यावर आत्या सगळ्यात आधी यानाचं दार वाजवायची. खांद्यावरची पिशवी नंतर, चपला बदलणं नंतर, आधी दार. दार म्हणजे खरं तर उपकरणांच्या कप्प्यावरचं झाकण. बोट दुमडून त्यावर ती हलकेच टकटक करायची, जरा थांबायची आणि म्हणायची, "नाही, अजून कोणी आलेलं दिसत नाही."

आत कोण येणार? बाहेरून कितीही सोनेरी आणि दिमाखदार दिसलं, तरी यान आतून रिकामंच असे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, प्लायवूडची कडी आणि कोणीतरी विसरलेला चहाचा कप, एवढाच काय तो ऐवज.

"आणि एखाद्या दिवशी आतून कोणी उघडलं तर?" दादा विचारत.

"तर ब्रश देईन हातात. रंगकाम राहिलंय म्हणेन."

आत्या ही दादांची धाकटी बहीण. दादांच्या मुलीने तिला आत्या म्हणायला सुरुवात केली. ती मुलगी पुढे लग्न होऊन लांब गेली, पण नाव तेवढं मागे राहिलं. वेल्डर, रंगारी आणि आत्याहून वयाने थोरला असलेला सुतार, सगळ्यांचीच ती आत्या झाली. फक्त वहिनी, म्हणजे दादांची बायको, तिला जुन्या वळणाने 'वन्सं' म्हणायची. त्यात अर्धा मान असे आणि अर्धा चिमटा.

आत्या गेली त्याला आता वर्ष होत आलं. तिच्याबद्दल कोणी विचारलं की दादा तिच्या हाताची तारीफ करतात. पत्रा कसा वाकवायची, रिव्हेटची रांग नुसत्या नजरेने कशी सरळ मारायची. वहिनीला मात्र तिचे हात नंतर आठवतात. आधी आठवतात तिचे प्रश्न.

वडिलांचं दुकान पत्र्याच्या पेट्या आणि पिंपं बनवायचं. पेट्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हा दादांनी नाटकांचे सेट केले, दुकानांच्या पाट्या केल्या, मिळेल ते केलं. एकदा एका विज्ञान संग्रहालयाला खऱ्या आकाराचा उपग्रह हवा होता. दादा तिथे छातीठोकपणे हो म्हणून आले आणि घरी येऊन पाण्याचा पेला हातात धरून त्यांनी विचारलं, "उपग्रह केवढा असतो गं?"

आत्या म्हणाली, "केवढा ते कळेलच. पण असतो कशासाठी, ते आधी सांग."

तिथून जी सुरुवात झाली ती झालीच. पुढे कारखान्याचं नाव झालं. अवकाशात गेलेली आणि परत न आलेली जुनी यानं, त्यांचे अँटेना, इंजिनांची तोंडं, अंतराळवीर बसतात ती कुपी, सगळं खऱ्या मापाचं, लोकांनी जवळ जाऊन बघावं म्हणून. मूळ वस्तू बघायला मिळायची सोयच नसे. ती एकतर दूर कुठेतरी निमूट फिरत असे, नाहीतर कधीच जळून गेलेली असे. हातात असत जुने फोटो. त्या फोटोंत यानाशेजारी कोणी तंत्रज्ञ उभा असला तर सोन्याहून पिवळं. त्याची उंची धरायची आणि त्यावरून बाकी सगळं मोजायचं. कारखान्यात त्याला 'मापाचा माणूस' म्हणत. एका यानाचा मापाचा माणूस बुटका निघाला तर काय, या काळजीने आत्या म्हणे दोन दिवस नीट जेवली नव्हती. शेवटी त्याच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरवरून तिने त्याचीच उंची ताडून पाहिली तेव्हा तिला घास गोड लागला.

वहिनी शिवणकाम करणारी. यानाला ऊन आणि थंडी लागू नये म्हणून सोनेरी पातळ कागदासारखं जे पांघरूण असतं, ते तिच्या वाट्याला आलं. मशिनवर ते सुळसुळायचं, पळायचं, टाका पडला की कायमचं भोक. आत्या तिच्यासमोर फोटो धरून सांगे, "इथे दोन चुण्या, इथे एक लांब सुरकुती, आणि या कोपऱ्यात जरा चुरगळलेलं."

"जन्मभर मी सुरकुत्या काढत आले," वहिनी म्हणे, "आता या वयात पाडायला शिकतेय."

"चेहऱ्याकडे बघून तर तू कधीच शिकलीयस."

"वन्सं, सुई आहे हातात."

आत्याची एक खोड होती. एखादा भाग कशासाठी आहे हे कळल्याशिवाय तो तिला बनवता यायचा नाही. हात चालायचाच नाही तिचा. ही दांडी कसली? हे झाकण उघडतं की नुसतं बसवलंय? या खाचेतून काय जात असेल? मग ती संग्रहालयाच्या माणसांना फोन लावी, कॉलेजात शिकवणाऱ्या कोणा ओळखीच्या ओळखीच्यांना गाठी. फोन घेणारे सुरुवातीला वैतागत आणि मग तेच दुसऱ्या दिवशी आपणहून फोन करून म्हणत, "त्या खाचेचं मी शोधलं बरं का."

असं असूनही एका यानाच्या बाबतीत ती चुकली. चुकली म्हणजे विचारायचीच राहिली.

हे यान तिचं सगळ्यात लाडकं. लहानखुरं, आठ बाजूंचं, लांबच्या एका ग्रहाकडे पाठवलेलं. त्याचे फोटो पुढून होते, डावीकडून होते, उजवीकडून होते. मागच्या बाजूचा एकही नव्हता. कोणाला तो काढावासा वाटला नसेल किंवा कुठेतरी हरवला असेल. पण आत्याच्या किती तरी आधी, दुसऱ्या शहरातल्या एका संग्रहालयाने त्याची प्रतिकृती बनवली होती. ते संग्रहालय बंद पडलं होतं आणि प्रतिकृती एका गोदामात धूळ खात उभी होती. कारखान्यात तिला 'थोरली' म्हणत. आत्या तरुण असताना तिकडे जाऊन थोरलीची मागची बाजू मोजून आली. पुठ्ठ्यावर नमुने कापून आणले. त्या मागच्या बाजूला, वरच्या कड्याखाली, दोन जाड कान होते. कढईला असतात तसे, मधे भोक असलेले.

त्या नमुन्यांवरून कारखान्याने ते यान तीनदा बनवलं, तीन गावच्या संग्रहालयांसाठी. तिन्हींना कान.

चौथ्यांदा मागणी आली ती नव्या, मोठ्या संग्रहालयाकडून. तिथल्या बाई अधूनमधून काम बघायला येत. स्वभावाने मोकळ्या, बोलताना सतत चष्मा डोक्यावर सारणाऱ्या. या खेपेला यान दालनाच्या मधोमध राहणार होतं, लोक चारी बाजूंनी फिरून बघणार होते. बाई मागे गेल्या, वाकल्या आणि त्यांनी सहज विचारलं, "आत्या, हे कान कशासाठी हो?"

आत्या रिव्हेट मारत होती. "असतात ते तिथे," ती म्हणाली.

वहिनीने मशिन थांबवलं. इतक्या वर्षांत तिने आत्याच्या तोंडून असलं उत्तर ऐकलं नव्हतं. आत्यानेही बहुधा ऐकलं नव्हतं, कारण तिचा हात तसाच अधांतरी राहिला.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "मला माहीत नाही."

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. जेवताना कान, भांडी घासताना कान.

"उचलायला असतील," दादा म्हणाले. "हूक अडकवायचा आणि वर घ्यायचं."

"फक्त मागून? तोंडावर पडेल की."

"मग वाळत घालायला दोरी," वहिनी म्हणाली. "इतक्या लांब चाललंय, कपडे नकोत बदलायला?"

बाईंनीही चौकशी केली. त्यांना वाटत होतं, उड्डाणाच्या वेळी यान रॉकेटच्या टोकात घट्ट बांधून ठेवत असतील, त्यासाठी असावेत. तसं असेल तर तिन्ही बाजूंच्या फोटोंत आणखी कान दिसायला हवे होते. तेही त्यांनीच सांगितलं आणि हसून चष्मा वर सारला.

आत्या फोटो घेऊन बसली. भिंग लावून तिने यानाची एकेक पट्टी बघितली. बघता बघता तिला जे दिसलं ते आजवर शेकडो वेळा दिसलेलंच होतं. प्रत्येक पट्टीला भोकं पाडलेली. प्रत्येक कोपरा आतून कोरलेला. जिथे जरा म्हणून धातू कमी करता येईल तिथे तो काढून टाकलेला, कारण वर न्यायच्या प्रत्येक चिमटीला जोर लागतो. तिने तीच भोकं चार वेळा स्वतःच्या हाताने पाडली होती. आणि त्याच यानाच्या पाठीवर तिने चार वेळा हे दोन भरीव, बोजड कान बसवले होते.

"वहिनी, हे मूळ यान करणाऱ्या माणसांच्या हातचं नाही," ती म्हणाली. "हे आपल्यासारख्या कोणाच्या तरी हातचं आहे."

"मग काढून टाका."

"आणि खरंच असले तर? नुसत्या मला वाटण्यावर कसे काढू?"

पेच तो होता. उद्घाटन जवळ आलं होतं. ठेवले आणि चूक असली, तर लोक वर्षानुवर्षं खोटं बघत राहणार. काढले आणि बरोबर असले, तर तेही खोटंच. थोरली आता गोदामातही नव्हती, कधीच भंगारात गेली होती. राहिली होती फक्त ती इमारत, जिथे थोरली पहिल्यांदा उभी होती. काही खूण उरली असली तर तिथेच.

दादा म्हणाले, "खुळी आहेस का? कोण बघायला गेलंय? ते यान काय परत येणार आहे साक्ष द्यायला?"

"येणार नाही म्हणूनच जायला हवं."

"मी नाही येणार."

"तुला कोण बोलावतंय? वहिनी येतेय."

वहिनीला ते तेव्हाच कळलं.

त्या जुन्या संग्रहालयाच्या दालनात आता गाद्यांचं दुकान होतं. उंच छत, लांब खिडक्या आणि खाली गाद्याच गाद्या. मालक सज्जन होता पण गिऱ्हाईक सोडणारा नव्हता. दोन बायका भिंतीकडे टक लावून उभ्या आहेत हे त्याला समजेना.

"झोपून बघा ना," तो म्हणाला. "झोपल्याशिवाय गादी कळत नाही."

आत्याने वहिनीला कोपराने ढोसलं. वहिनी गादीवर आडवी झाली. मालक तिला स्प्रिंगांचे गुण सांगू लागला आणि आत्या भिंतीच्या कडेकडेने सरकू लागली. थोरली कुठे उभी होती हे तेव्हा गोदामात ऐकल्यामुळे तिला साधारण माहीत होतं, दोन खिडक्यांच्या मधे. तिथे गाद्यांची उभी चवड होती.

"ही मागची जरा दाखवता?" आत्या म्हणाली.

"एकदम मागची?"

"हो. आमच्या वहिनीची पाठ फार नाजूक आहे."

मालकाने आणि त्याच्या माणसाने चवड हलवली. खिडकीतून दुपारचं ऊन भिंतीवर तिरपं येत होतं. रंग नवा होता, पण तिरप्या उन्हात भिंत काही लपवत नाही. डोक्याच्या जरा वर, एका ओळीत, दोन फुगीर ठिपके होते. भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारल्यावर राहतात तसे.

आत्याने पिशवीतून पुठ्ठ्याचा जुना नमुना काढला. कडा झिजल्या होत्या, एका कोपऱ्यात तिच्याच तरुणपणीच्या अक्षरात 'मागची बाजू' असं लिहिलेलं होतं. तिने तो भिंतीला लावला. कानांची दोन्ही भोकं त्या दोन ठिपक्यांवर बरोबर बसली. इतकी बरोबर, की तिने नमुना काढून पुन्हा लावून पाहिला.

कान यानाचे नव्हतेच. थोरली भिंतीला पाठ लावून उभी होती, कोणाचा धक्का लागून पडू नये म्हणून तिला भिंतीला बोल्टने आवळलं होतं. पाठ कोणाला दिसणारच नव्हती, त्यामुळे तिथे काय असावं याचा विचारही कोणी केला नसावा.

आत्या भिंतीशी उभी राहून हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. वहिनी गादीवरून उठून बसली.

"बरी आहे का गादी?" मालकाने विचारलं.

"गादी फार छान," वहिनी म्हणाली. "पण आमचं काम झालं."

त्याला सगळं सांगावं लागलं. ऐकून तोही भिंतीपाशी गेला आणि एका ठिपक्यावर त्याने बोट फिरवलं. "मी रंगाऱ्याला दोनदा बोललो होतो यावरून," तो म्हणाला, "काम नीट केलं नाहीस म्हणून."

परतल्यावर खरा प्रश्न सुरू झाला. कान काढले, पण त्या जागी काय? दादांचं म्हणणं, सोनेरी पांघरूण घालून मोकळं व्हावं. आत्या म्हणाली, "तेही आपल्या मनचंच होईल."

"मग काय उघडं ठेवतेस?"

"हो."

तिने मागची बाजू उघडी ठेवली. पांघरूण नाही, रिव्हेट नाहीत, नुसतं राखाडी रंगाचं साधं प्लायवूड, आणि कडेला वहिनीने शिवलेल्या सोनेरी पांघरुणाची सरळ, दुमडलेली कड. दादा दिवसभर त्या बाजूला फिरकले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "तीन ठिकाणी आपली पाटी आहे. उद्या लोक म्हणतील, यांना पाठ बनवता येत नाही."

"तीन ठिकाणी आपण ती खोटी बनवलीय, दादा. मला तेच खुपतंय."

मग बाई काम बघायला आल्या. वहिनीला वाटलं, आता हे सगळं परत करायला लावतील. बाई यानाभोवती हळूहळू फिरल्या. पुढून, डावीकडून, उजवीकडून. मग मागे गेल्या आणि तिथेच थांबल्या. आत्याने त्यांना गाद्यांच्या दुकानाची हकिगत सांगितली. बाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर प्लायवूडवर होती.

"आमच्याकडे वरच्यांना हे पटवायला मला त्रास होणार आहे," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग होऊ दे. मी इथे आल्यापासून सगळ्यात जास्त वेळ याच बाजूला उभी आहे."

त्यांनी पटवलं. कसं ते त्यांनाच ठाऊक. यानाच्या मागे एक छोटी पाटी लागली: 'या बाजूचं छायाचित्र उपलब्ध नाही. इथे काय होतं ते आम्हाला माहीत नाही.' उद्घाटनाच्या दिवशी दादा त्या पाटीजवळ घुटमळत होते. लोक मागे येत, पाटी वाचत आणि आपापसात वाद घालत. कोणी म्हणे इथे कॅमेरा असणार, कोणी म्हणे काहीच नसणार. दादांना कोणीतरी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" आणि दादा, जे इतके दिवस त्या पाठीकडे फिरकत नव्हते, ते हातवारे करून बोलायला लागले ते थांबेचनात.

राहिली जुनी तीन यानं. आत्याने तिन्ही संग्रहालयांना फोन केले. दोघांनी काही आढेवेढे न घेता होकार दिला. ती आणि वहिनी जाऊन कान कापून आल्या. तिसऱ्याने 'या, बघू' एवढंच म्हटलं.

तिथे पोचल्या तेव्हा मार्गदर्शक मुलांच्या एका गटाला यानाच्या मागे घेऊन उभा होता. पांढऱ्या मिशांचा, खर्जातल्या आवाजाचा माणूस. "आणि हे," तो म्हणाला, "यानाचे कान. पृथ्वीवरून आपण जे सांगायचो ते यान याच कानांनी ऐकायचं." मुलं अवाक. वहिनीला हसू आवरेना. आत्या मात्र मन लावून ऐकत होती. गट पुढे गेल्यावर तिने त्याला विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? कान आहेत म्हणजे ऐकायलाच असणार."

"मलाही तसंच वाटलं असतं," आत्या म्हणाली आणि तिने त्याला सगळं सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं मी मुलांना हे सांगतोय. आता इथे उभा राहून काय सांगू?"

"झालं ते सांगा. गादीचं दुकान नक्की सांगा."

तो विचारात पडला. पुढचा गट येईपर्यंत त्याने तिला तीनचार गोष्टी परत विचारून घेतल्या, गाद्या स्प्रिंगच्या होत्या की कापसाच्या हेसुद्धा. मग त्यानेच शिडी आणून दिली आणि आत्याने कान कापले तेव्हा ती धरून खाली उभा राहिला.

त्यानंतर आत्या घरी आली ती समाधानाने थकून आली. दोन दिवस कारखान्यात गेली नाही. चहा पीत गॅलरीत बसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पडायला म्हणून खोलीत गेली आणि पुन्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, काही कळलंही नसेल.

दादा अजून वहिनीला विचारतात, जाण्याआधी काही म्हणाली का ती, काही सांगून गेली का. वहिनीला सांगायला काही मोठं नाही. त्या दुपारी दोघी गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होत्या. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. आत्या चादरीची घडी हनुवटीखाली धरून तिकडे बघत होती. मग घडी वहिनीच्या हातात देऊन ती आत वळली आणि वळता वळता म्हणाली, "वहिनी, त्या टाकीची शिडी अर्ध्यावरच का गं संपलीये?"